शहाणपणाचं मागणं

जेरुसलेमच्या वायव्येला दहाएक किलोमीटरवर अल-जीब नावाचं पॅलेस्टिनी गाव आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ ते १९६२ या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा खडकात खोदलेली एक प्रचंड गोल विहीर सापडली. कडेकडेनं पायऱ्या तळापर्यंत उतरत गेलेल्या. गाळातून मडक्यांचे कान निघाले आणि त्यांतल्या अनेकांवर जुन्या हिब्रू लिपीत गावाचं नाव कोरलेलं होतं : गिबोन. बायबलातल्या ‘पहिले राजे’ या ग्रंथाप्रमाणे, नुकताच गादीवर आलेला शलमोन यज्ञ करायला याच गावी आला, रात्री त्याच्या स्वप्नात देव आला आणि काय हवं ते माग म्हणाला.

शलमोनानं दीर्घायुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही, शत्रूंचा नाश मागितला नाही. आपण कोवळ्या वयाचे आहोत, एवढ्या मोठ्या प्रजेचे तंटे सोडवायचे आहेत, तेव्हा ऐकून घेणारं आणि बरंवाईट ओळखणारं मन मिळावं, असं तो म्हणाला. परीक्षेच्या सकाळी, नोकरी सोडताना, सोयरीक ठरवताना ख्रिस्ती घरांत ‘प्रभू, शहाणपण दे’ अशी जी प्रार्थना होते, तिचं घराणं इथून सुरू होतं. पण मूळ मागणं किती नेमकं होतं ते बघावं. नवा न्यायाधीश आपल्या कामापुरती अक्कल मागतो आहे. जगाचं गूढ उकलावं, आत्म्याला मुक्ती मिळावी, असलं काही त्यात नाही. आणि पहिला खटलाही लगेच येतो : एक तान्हं मूल, दोन आया आणि राजानं मागवलेली तलवार.

राजाला देवस्थानी स्वप्न पडणं ही त्या काळच्या पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये रूढ गोष्ट होती. गिझाच्या स्फिंक्सच्या पंजांमध्ये उभ्या असलेल्या शिळेवर थुटमोस चौथा याचं असंच स्वप्न कोरलेलं आहे. तो स्फिंक्सच्या सावलीत झोपतो, देव येतो, आपल्या अंगावरची वाळू उपसायला सांगतो आणि बदल्यात राज्य देऊ करतो. सरळ देवघेव. गिबोनच्या कथेत ठरीव सोहळा तोच आहे, फक्त मागणाऱ्यानं भलतंच काही मागितलं.

शलमोनाचं पुढे काय झालं, हे प्रवचनांत सहसा सांगत नाहीत. त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी आहेत, त्यांच्या देवांसाठी बांधलेली पूजास्थानं आहेत, आणि आयुष्याच्या शेवटी देवापासून भरकटलेला म्हातारा राजा आहे. लोकांवरचा वेठबिगारीचा भार इतका झाला होता की त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, प्रजा तो हलका करा म्हणून आली. त्यानं बापाच्या पदरच्या वृद्धांचा सल्ला बाजूला सारला, सवंगड्यांचं ऐकलं आणि राज्याचे दोन तुकडे झाले. नंतरच्या काळात लिहिलेल्या इतिहास या ग्रंथानं गिबोनचं स्वप्न ठेवलं आणि राण्यांमुळे झालेला अधःपात गाळला. मला राजे ग्रंथाचा लेखक जास्त प्रामाणिक वाटतो. देवानं दिलेलं शहाणपणसुद्धा माणसाच्या हातात नासू शकतं, हे त्यानं लिहून ठेवलं. या मागण्याच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हीच अडचण पुन्हापुन्हा येते. मागणं सोपं असतं. जे मिळालं ते देवाकडचंच का, आणि हे तपासणार कोण, हा प्रश्न अवघड.

शलमोनाच्या नावावर नीतिसूत्रांचं पुस्तक आहे, पण ते एकहाती नाही. हिज्कीया राजाच्या माणसांनी काही सूत्रं उतरवून घेतली, असं त्यातच म्हटलं आहे. शेवटी आगूर नावाच्या कुणाची वचनं येतात, आणि लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईनं शिकवलेलीही. त्याहून गमतीची गोष्ट लंडनमध्ये निघाली. वॉलिस बज यांनी १८८८ साली ब्रिटिश म्युझियमसाठी इजिप्तमधून एक पपायरस मिळवला होता. आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्यानं मुलाला केलेला हा तीस प्रकरणांचा उपदेश १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनचे आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिलं की नीतिसूत्रांच्या बाविसाव्या-तेविसाव्या अध्यायांतला मजकूर त्याच्याशी जागोजाग जुळतो. गरिबाला लुबाडू नकोस, तापट माणसाशी दोस्ती करू नकोस, बड्या माणसाच्या पंगतीत हावरटपणा करू नकोस, शेताची हद्द सरकवू नकोस. शेवटचं सूत्र आपल्याकडे बांध कोरणाऱ्या भाऊबंदांसाठीही चालावं. ज्या इजिप्तमधून सुटून आल्याची आठवण इस्राएल दरवर्षी वल्हांडणाला जागवतो, त्याच इजिप्तच्या कारकुनाचा उपदेश त्यांनी आपल्या पवित्र ग्रंथात घेतला. देवाचं शहाणपण परक्याच्या दप्तरातही सापडू शकतं, असं मानणारी ही माणसं होती.

नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात मागण्याची रीत बदलते. शलमोनाला झोपेत मिळालं. इथे बाप मुलाला सांगतो की हाका मारून मागावं लागेल, आणि चांदीसाठी, पुरलेल्या धनासाठी माणूस खणतो तसं खणावं लागेल. ईयोबाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कवीनं हेच खणणं प्रत्यक्ष खाणीत नेऊन दाखवलं आहे. दोरांना लोंबकळणारे खाणकामगार अंधारात उतरतात, डोंगर मुळापासून उलथतात, सोनं, नीलमणी, लोखंड वर काढतात. शहाणपणाचा पत्ता मात्र तिथे नाही, समुद्रात नाही, मृत्यूच्या घरीही नाही. तो फक्त देवाला ठाऊक आहे, आणि माणसाच्या वाट्याला देवाचं भय बाळगून वाईटापासून दूर राहणं तेवढं उरतं. एकाच बायबलात असलेली ही दोन पुस्तकं. एक म्हणतं खण, मिळेल. दुसरं म्हणतं कितीही खण. संपादकांनी दोन्ही ठेवली, आणि बरं केलं.

ख्रिस्तपूर्व १८०च्या सुमाराला जेरुसलेममध्ये बेन सिरा नावाचा एक शिक्षक होता. त्याचं पुस्तक त्याच्या नातवानं पुढे इजिप्तमध्ये ग्रीकमध्ये आणलं. मूळ हिब्रू पाठ शतकानुशतकं दृष्टीआड होता. १८९६ साली केंब्रिजच्या दोन विद्वान जुळ्या बहिणी, अ‍ॅग्नेस स्मिथ लुइस आणि मार्गारेट गिब्सन, पूर्वेच्या प्रवासातून हस्तलिखितांची काही पानं घेऊन आल्या. त्यांतलं एक पान सॉलोमन शेख्टर यांनी ओळखलं, ते बेन सिराच्या हिब्रू पाठाचं होतं. त्या पानाच्या मागावर ते कैरोच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठडीपर्यंत गेले. बेन सिरा सांगतो की तरुणपणी, प्रवासाला निघण्याआधी, आपण उघडपणे प्रार्थनेत शहाणपण मागितलं. मग तो अशिक्षितांना आपल्या शिक्षणगृहात बोलावतो. इथे मागण्याला प्रथमच शाळेचा पत्ता लागला.

पण त्या शाळेचा उंबरठा उंच होता. नांगर धरणारा बैलांबद्दलच बोलणार, त्याला शहाणपण कुठून येणार, असं त्याचं म्हणणं. भट्टीपाशी होरपळणारा लोहार, पायानं चाक फिरवणारा कुंभार, रात्रंदिवस मुद्रा कोरणारा कारागीर यांची वर्णनं तो मोठ्या जिव्हाळ्यानं करतो, त्यांच्यावाचून गाव वसणार नाही हेही कबूल करतो, आणि तरी सभेत त्यांना कुणी विचारत नाही म्हणतो. ज्याला फुरसत आहे त्यानंच शहाणं व्हावं. गंमत अशी की त्याच्याच धर्मग्रंथात, निर्गमात, देवानं ज्याला आपल्या आत्म्यानं आणि शहाणपणानं भरलं तो बसालेल सोनं, चांदी, पितळ घडवणारा कारागीर होता, आणि बकरीच्या केसांचं सूत कातणाऱ्या बायकांचं कसबही त्याच शहाणपणात मोजलं होतं. बेन सिराला हे ठाऊक नसेल असं वाटत नाही. शाळा निघाली की शाळेबाहेरच्यांचं शहाणपण दिसेनासं होतं, याचा हा फार जुना दाखला.

यानंतर अलेक्झांड्रियातल्या एका ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यानं शलमोनाच्या तोंडी एक लांब प्रार्थना घातली. ‘शलमोनाचं शहाणपण’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ती आहे. गिबोनचं दोन ओळींचं मागणं इथे अध्यायभर झालं. देवाच्या सिंहासनाशेजारी बसलेलं, सृष्टी घडताना हजर असलेलं शहाणपण खाली पाठव, असं राजा विनवतो. कॅथॉलिक चर्चच्या दैनिक प्रार्थनांत तिचा भाग आजही म्हटला जातो. प्रॉटेस्टंट घरातल्या बायबलात मात्र ती सापडणार नाही. ल्युथरनं १५३४च्या जर्मन बायबलात हे पुस्तक आणि बेन सिराचं पुस्तक वेगळ्या विभागात, मुख्य शास्त्राच्या खालच्या पायरीवर ठेवलं, आणि पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट आवृत्त्यांतून तो विभागच गळाला. या घराण्यातली सर्वांत घरंदाज प्रार्थना अशी अर्ध्या वारसांच्या हातून गेली.

उरलेल्यांकडे याकोबाचं पत्र राहिलं. नव्या करारातलं हे छोटं पत्र. कोणाला शहाणपण कमी पडत असेल तर त्यानं देवाकडे मागावं, देव हात आखडत नाही आणि मागितल्याबद्दल टोचून बोलत नाही, असं ते पहिल्याच अध्यायात सांगतं. कोणालाही. राजा नको, शाळा नको, फुरसत नको. हेच पत्र पुढे शेतमजुरांची मजुरी बुडवणाऱ्या श्रीमंतांवर तुटून पडतं, तेव्हा हे आमंत्रण कुणाच्या बाजूनं उभं राहून दिलं आहे ते कळतं. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिताना विद्वानांचा तोरा असाच उतरवला होता, आणि ख्रिस्तालाच देवाचं शहाणपण म्हटलं होतं. त्याचं म्हणणं ईश्वरविज्ञानात फार दूरवर गेलं. रोजच्या अडीअडचणीत ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र याकोबच राहिला. तिसऱ्या अध्यायात याकोब एक कसोटीही देतो : वरून आलेलं शहाणपण शांतताप्रिय असतं, दुसऱ्याचं ऐकून घेणारं आणि दयाळू असतं, आणि जे मत्सर आणि भांडण घेऊन येतं ते वरून आलेलं नाही. पहिल्या अध्यायातलं वचन भिंतीवर लागतं, तिसऱ्यातली कसोटी फारशी लागत नाही.

दार सगळ्यांना उघडं झाल्यावर काय होतं, ते इजिप्तच्या वाळवंटात दिसलं. चौथ्या शतकात नाईलच्या पश्चिमेला नित्रिया आणि स्केतिस इथे हजारो माणसं झोपड्यांत जाऊन राहिली. तरुण साधक वृद्धाकडे जाऊन ‘अब्बा, मला एक शब्द द्या’ म्हणत. देवाकडे मागायचं ते माणसाच्या तोंडून घ्यायचं, ही इथली रीत. सम्राट थिओडोसियसच्या राजपुत्रांचा शिक्षक राहिलेला आर्सेनियस इथे आला, आणि एका म्हाताऱ्या इजिप्शियन शेतकऱ्याला आपल्या मनातले विचार सांगून सल्ला मागू लागला. कुणीतरी नवल केलं, तर तो म्हणाला की ग्रीक-लॅटिन मला येतं, पण या खेडुताची बाराखडी अजून शिकायची आहे. बेन सिराचा नांगऱ्या सभेत बसला म्हणायचा.

त्याच वाळवंटातली दुसरी गोष्ट जॉन कॅसियननं मार्सेलमध्ये बसून, पाचव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, लिहून ठेवली. हेरॉन नावाचा एक साधू पन्नास वर्षं एकांतात राहिला. उपवास इतका कडक की इस्टरलासुद्धा तो बाकीच्यांच्या पंगतीला येईना. एके दिवशी देवदूत आला असं त्याला वाटलं, आणि आपल्या पुण्याईनं इजा होणार नाही या भरवशावर त्यानं मध्यरात्री खोल विहिरीत उडी घेतली. लोकांनी अर्धमेला बाहेर काढला, तरी तो आपली फसगत झाली हे मान्य करीना. तिसऱ्या दिवशी गेला. या गोष्टीवरून कॅसियनच्या पुस्तकातले अब्बा मोशे शिकवण देतात की सगळ्या गुणांत विवेक मोठा, आणि आपले विचार अनुभवी माणसापुढे उघडे केल्याशिवाय तो येत नाही. हेरॉनला श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणू शकणार नाही. याकोबाच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे शंका न धरता मागणारा तो होता. त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

संत बेनेडिक्टच्या मठांसाठीच्या नियमावलीत, तिसऱ्या प्रकरणात, या शिकवणीला व्यवस्थेचं रूप आलं. मठात महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव सर्वांत धाकट्यालाच योग्य ते सुचवतो. ऐकावं सगळ्यांचं, निर्णय त्यानं घ्यावा. रहबाम हे वाचून खूश झाला असता, पण त्यानं धाकट्यांचंच तेवढं ऐकलं होतं.

सोळाव्या शतकात हे तपासणं माणसाच्या आत शिरलं. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय फुटलेला इग्नेशियस लोयोला घरी अंथरुणावर पडला होता. वीरांच्या कादंबऱ्या मागवल्या तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं तेवढी निघाली. दरबारातल्या स्त्रीची स्वप्नं रंगवली की त्या वेळी मजा वाटे, नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगावं असं मनात आलं की उत्साह नंतरही टिकून राही. या उरलेल्या चवीचा त्यानं हिशेब ठेवायला सुरुवात केली. मानरेसा गावी त्याला हवेत एक सुंदर, डोळ्यांनी भरल्यासारखी नागमोडी वस्तू दिसायची आणि फार बरं वाटायचं. पुढे त्यानंच ती सैतानी ठरवली. गोड वाटतं म्हणजे देवाचं, असं नाही. १५४८ साली छापलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आत्म्यांची पारख करण्याचे नियम आहेत, आणि साधनेच्या वेळी सोबत वाट दाखवणारा माणूस असावा हे गृहीत आहे. त्यानं स्थापलेल्या येशूसंघातला थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आला आणि त्यानं १६१६ साली रायतूरला मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. बायबलातली कथा मराठी पुराणाच्या थाटात सांगणारा हा इंग्रज पारखीच्या याच शाळेतून आलेला होता.

याकोबाचं पत्र ल्युथरला आवडत नसे. १५२२च्या प्रस्तावनेत त्यानं त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. पण त्याच्या वारसांनी ते उचललं, आणि त्याच वचनानं एकदा भलतंच वळण घेतलं. १८२०च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराजवळ पुनरुज्जीवनाच्या सभा गाजत होत्या. प्रत्येक पंथ आपलंच खरं म्हणत होता. जोसेफ स्मिथ हा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गोंधळला. याकोबाचं ते वचन वाचलं आणि रानात जाऊन गुडघे टेकले, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं. उत्तर आलं की कुठल्याच पंथात जाऊ नकोस. त्यानं हे एका मेथडिस्ट उपदेशकाला सांगितलं तेव्हा त्यानं ते उडवून लावलं. १८३०मध्ये ‘मॉर्मनचं पुस्तक’ आणि नवं चर्च उभं राहिलं. इतर ख्रिस्ती मंडळी त्याला फसगत म्हणतात, त्याचे अनुयायी उत्तर म्हणतात. दोघांच्याही बायबलात वचन तेच आहे.

मिळालेलं उत्तर तपासणार कोण, याच प्रश्नावर एका मराठी बाईची मोठी झुंज आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला. पुराणं मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली पंचविशीतली विधवा. चर्चला वाटलं, आता ही शिकवू ते ऐकेल. रमाबाईंनी त्रैक्याबद्दल, चमत्कारांबद्दल प्रश्न विचारले. चेल्टनहॅमला त्यांनी तरुणांना शिकवण्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्या चिडल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्यात जेराल्डीन पुन्हापुन्हा नम्रतेनं, आज्ञेत राहून शिकायला सांगतात. रमाबाईंचं उत्तर असं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं फेकलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही. देवानं दिलेली सदसद्विवेकबुद्धी वापरणं हीच आज्ञा.

जेराल्डीन यांचं सगळंच चुकत होतं असं म्हणता येत नाही. हेरॉनची विहीर त्यांनाही दिसत असणार. पण वाळवंटातला अब्बा साधकानं निवडलेला असे, आणि तो सहसा कुठल्या राज्यकर्त्यांच्या जातीतला नसे. रमाबाईंना इंग्लंडात सल्ला देणारे मात्र बहुतेक त्याच जातीतले होते. रमाबाईंनी एक दुसरी वाट धरली. मूळ भाषाच शिकायच्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं. एप्रिल १९२२मध्ये त्या वारल्या त्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं, आणि १९२४मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथे खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्या बायकांचे हात होते. ज्यांच्या वतीनं शतकानुशतकं दुसऱ्यांनी शहाणपण मागितलं होतं, त्यांच्या हातून नीतिसूत्रं आणि याकोब छापले गेले.

विसाव्या शतकात या मागण्याला जी सर्वांत मोठी गर्दी मिळाली ती चर्चच्या बाहेर. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतले राइनहोल्ड नीबर यांनी महामंदीच्या काळात एक छोटी प्रार्थना केली. तीन मागण्या : बदलता येत नाही ते स्वीकारण्याची कृपा, बदलायला हवं ते बदलण्याचं धैर्य आणि दोहोंतला फरक ओळखण्याचं शहाणपण. त्यांची विद्यार्थिनी, वायडब्ल्यूसीएची विनिफ्रेड वायगल, हिच्या १९३०च्या दशकातल्या लिखाणात ती आढळते. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या मजकुरात ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारूमुक्ती संघटनेच्या लोकांना दिसली. त्यांनी ती कार्डांवर छापून वाटली, आणि आज जगभर त्यांच्या बैठकांत ती म्हटली जाते, मराठीतूनही.

वाटेत तिच्यात फरक पडला. बदलायला हवं ते, याच्या जागी बदलता येईल ते आलं. ‘आम्हाला’च्या जागी ‘मला’ आलं. नीबर यांची मुलगी एलिझाबेथ सिफ्टन हिनं २००३च्या पुस्तकात याबद्दल नाराजी नोंदवली, आणि ती रास्त आहे. हवं ते आणि जमेल ते यांच्यात अंतर आहे, आणि हिटलरच्या काळात लिहिणाऱ्या माणसाला ते चांगलं माहीत होतं. पण दारू सोडू पाहणाऱ्यांनी दुसरी एक गोष्ट, बहुधा नकळत, जुनीच उचलली. तिथे नव्या माणसाला आधी सावरलेला एक जण स्पॉन्सर म्हणून मिळतो. त्यांच्या बारा पायऱ्यांतल्या पाचव्या पायरीवर आपण केलेल्या चुका देवापुढे आणि एका माणसापुढे उघड्या करायच्या असतात. तो माणूस पाद्री असावा अशी अट नाही. कधी तो ड्रायव्हर असतो, कधी गवंडी असतो, कधी बँकेतला शिपाई असतो, आणि रात्री अकरा वाजता फोन उचलतो.